क्योनिग्सबर्ग ते कोलोन: थिओडोर शीडर यांची कारकीर्द कशी वाचायची

८ ऑक्टोबर १९८४ रोजी कोलोन शहरात थिओडोर शीडर वारले, तेव्हा पश्चिम जर्मनीतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांत त्यांच्याएवढं वजन असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९४८ पासून ते कोलोनला प्राध्यापक होते आणि १९६२ ते १९६४ या काळात त्या विद्यापीठाचे कुलगुरू. १९६७ ते १९७२ या काळात ते जर्मन इतिहासकारांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. 'हिस्टोरिशे त्साइटश्रिफ्ट' हे १८५९ पासून निघणारं, त्या विषयातलं सगळ्यांत मानाचं नियतकालिक. त्याचं संपादन त्यांनी १९५७ पासून मरेपर्यंत केलं.

आठ वर्षांनी, १९९२ साली, आंगेलिका एबिंगहाउस आणि कार्ल हाइन्त्स रोट या दोन संशोधकांनी दफ्तरातला एक जुना मसुदा छापला. तारीख ऑक्टोबर १९३९ ची. पोलंड नुकतंच पडलेलं. जिंकलेल्या मुलखातून कोणाला हाकलायचं आणि तिथे कोणाला वसवायचं, याचं ते टिपण होतं. मसुदा लिहिणारा हात शीडर यांचा होता.

अशा माणसाबद्दल पहिला प्रश्न येतो तो 'नाझी होते की नव्हते?' हा. त्याचं सरळ उत्तर आहे: होते, १९३७ पासून पक्षाचे सभासद. पण या उत्तराने फारसं काही कळत नाही. मे १९३३ मध्ये नाझी पक्षाने नव्या सभासदांसाठी दार बंद केलं होतं, कारण सत्ता आल्यावर अर्जांची रीघ लागली. ते दार मोठ्या प्रमाणावर पुन्हा उघडलं १९३७ च्या मे महिन्यात. म्हणून जर्मन प्राध्यापकांच्या चरित्रांत '१९३७' हा आकडा इतक्यांदा भेटतो. पुढे हायडेलबर्गला नाव काढलेले इतिहासकार वेर्नर कोन्त्सेही त्याच सालचे. नोकरी टिकवायला कार्ड घेणारा आणि मनापासून घेणारा, दोघांच्या कार्डावर तारीख एकच. तेव्हा कार्ड बाजूला ठेवू आणि पगार कुठून येत होता ते पाहू.

शिडी आणि तिच्या पायऱ्या

त्या काळी जर्मन विद्यापीठात पीएच.डी. झाली की प्राध्यापकीचा रस्ता सुरू होई, संपत नसे. त्यानंतर दुसरा, मोठा प्रबंध लिहावा लागे. त्याला हाबिलिटेशन म्हणतात. तो मान्य झाला की शिकवण्याचा अधिकार मिळे, पण पगार नाही. अशा माणसाला प्रिव्हाटडोत्सेंट म्हणत. वर्गात बसणारे विद्यार्थी जी फी देतील तीच त्याची कमाई. मग वाट पाहायची ती दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाकडून अध्यासनाचं बोलावणं येण्याची. जिथे हाबिलिटेशन झालं तिथेच बढती मिळणं रीतीला धरून नव्हतं. मधली सात-आठ वर्षं कशी काढायची? घरचा पैसा असेल तर ठीक. नसेल तर गुरूच्या ओळखीने एखाद्या संस्थेत, दफ्तरखान्यात, प्रकल्पावर चिकटायचं.

ही व्यवस्था हिटलर येण्याच्या कितीतरी आधीची. गुरूचा शब्द इथे सर्टिफिकेटापेक्षा मोठा असे, आणि गुरूचं राजकारण शिष्याला न मागता मिळे. त्यात १९३३ नंतर दोन गोष्टींची भर पडली. ७ एप्रिल १९३३ च्या नोकरशाहीविषयक कायद्याने ज्यू आणि नकोशा प्राध्यापकांना घरी बसवायला सुरुवात झाली, म्हणजे वरच्या पायऱ्या रिकाम्या होऊ लागल्या. आणि डिसेंबर १९३४ च्या नव्या नियमाने हाबिलिटेशन आणि शिकवण्याचा परवाना यांची फारकत केली. प्रबंध विद्यापीठ तपासणार, पण परवाना सरकार देणार, आणि त्याआधी उमेदवाराने सरकारी शिबिरात जाऊन आपण कसे 'समूहात बसतो' ते दाखवायचं.

शीडर यांची शिडी अशी. जन्म ११ एप्रिल १९०८, बव्हेरियातलं ओटिंगेन हे छोटं गाव. शिक्षण म्युनिक आणि बर्लिन. विद्यार्थी असताना गिल्डेनशाफ्ट या राष्ट्रवादी विद्यार्थी संघटनेत. तिथली मुलं म्हणजे रस्त्यावर मारामाऱ्या करणारी टोळी नव्हे. सहली काढायच्या, लोकगीतं म्हणायची, सीमेपलीकडच्या जर्मन वस्त्यांना भेटी द्यायच्या, व्हर्सायच्या तहाने गेलेल्या मुलखावर रात्र रात्र चर्चा करायची, असा तो प्रकार. लोकशाहीबद्दल तिटकारा मात्र पक्का.

१९३३ साली म्युनिकला पीएच.डी. मार्गदर्शक होते कार्ल आलेक्झांडर फोन म्युलर. १९१९ मध्ये सैनिकांसाठी चाललेल्या राजकीय प्रशिक्षणवर्गात व्याख्यान संपल्यावर, घोळक्यात तावातावाने बोलणाऱ्या एका अनोळखी शिपायाकडे याच म्युलर यांनी कॅप्टन कार्ल मायर यांचं लक्ष वेधलं होतं. तो शिपाई म्हणजे आडोल्फ हिटलर. १९३५ मध्ये फ्रीडरिश माइनेके यांना 'हिस्टोरिशे त्साइटश्रिफ्ट'च्या संपादकपदावरून जावं लागलं, तेव्हा त्या खुर्चीत म्युलर बसले आणि नियतकालिकात 'ज्यू प्रश्ना'वर वेगळा विभाग सुरू झाला. बावीस वर्षांनी त्याच खुर्चीत त्यांचा शिष्य बसला.

सीमेवरचं दफ्तर

१९३४ मध्ये शीडर क्योनिग्सबर्गला गेले. नकाशा डोळ्यांसमोर आणल्याशिवाय पुढचं समजणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडला समुद्रापर्यंत जाणारी पट्टी मिळाली आणि पूर्व प्रशिया हा प्रांत उरलेल्या जर्मनीपासून तुटला. क्योनिग्सबर्ग त्या तुटक्या तुकड्याची राजधानी. तिथलं विद्यापीठ स्वतःला ज्ञानाचा किल्ला समजे, आणि 'किल्ला' हा शब्द तिथे अलंकार म्हणून वापरत नसत.

तिथे तरुणांचे आवडते शिक्षक होते हान्स रोटफेल्स. ज्यू घरात जन्म, पुढे प्रोटेस्टंट, पहिल्या महायुद्धात एक पाय गमावलेले, आणि विचाराने कडवे राष्ट्रवादी. तरीही १९३४ मध्ये त्यांना अध्यासन सोडावं लागलं आणि १९३९ मध्ये देश. शिष्यांनी गुरूवर जीव लावला आणि गुरूला घालवणाऱ्या राजवटीची चाकरीही केली. हे दोन्ही एकाच माणसात कसं मावतं, असं वाचकाला वाटेल. मावतं. कारण पूर्वेकडचा मुलूख जर्मनांच्या हाताखाली असला पाहिजे, यावर गुरू, शिष्य आणि राजवट या तिघांचं एकमत होतं.

शीडर यांना पगार मिळे तो प्रशियाच्या सरकारी दफ्तरखान्याच्या क्योनिग्सबर्गमधल्या एका शाखेतून. महायुद्धानंतरच्या काळातला सीमाप्रदेशाचा इतिहास गोळा करणं हे तिचं काम. तिच्या वर बर्लिन-डालेम इथलं 'पुब्लिकात्सिओन्सश्टेले' नावाचं कार्यालय, प्रमुख आल्बर्ट ब्राकमान. नाव प्रकाशनाचं, पण बरंच काम न छापण्याचं: पोलिश वर्तमानपत्रांचे आणि पुस्तकांचे अनुवाद करायचे, कोणत्या तालुक्यात कोणत्या भाषेची किती माणसं आहेत याचे तक्ते करायचे, नकाशे रंगवायचे, आणि हे सगळं 'फक्त कार्यालयीन उपयोगासाठी' असा शिक्का मारून खात्यांकडे पाठवायचं. कोणता जर्मन संशोधक पोलिश इतिहासकारांशी काय बोलतो, यावरही नजर ठेवायची.

या नकाशांमागे एक युक्तिवाद होता आणि तो नीट पाहण्यासारखा आहे. भूगोलज्ञ आल्ब्रेश्ट पेंक यांनी १९२५ मध्ये दोन शब्द रूढ केले, फोल्क्सबोडेन आणि कुल्टुरबोडेन. पहिला म्हणजे जिथे जर्मन माणसं राहतात ती जमीन. दुसरा म्हणजे जिच्यावर जर्मन संस्कृतीचा ठसा आहे ती. बांध-बंधारे, शेताची आखणी, गावाची ठेवण, नगराचे मध्ययुगीन कायदे जर्मन पद्धतीचे असले की ती कुल्टुरबोडेन. आज तिथे एकही जर्मन राहत नसला तरी. बाराव्या-तेराव्या शतकात जर्मन वसाहतकारांनी वसवलेलं गाव पुढे सहाशे वर्षं पोलिश बोलत असेल, तरी नकाशावर त्याला जर्मन रंग. इतिहासकाराने करायचं ते एवढंच, की जुन्या सनदा, चर्चची नोंदवही, गावांची नावं चाळून हा रंग देण्याजोगा पुरावा काढायचा. पुरावा बहुतेक वेळा खराही असे. त्यावरून काढलेला हक्क तेवढा खोटा.

शीडर यांचं हाबिलिटेशन १९३९ चं, विषय याच पट्टीतला: पोलंडच्या राजाखाली असलेल्या पश्चिम प्रशियातल्या जर्मन सरदार-नगरांचा स्वातंत्र्यविचार. नुसतं ते पुस्तक हातात घेतलं तर संयत, अभ्यासू वाटतं. छापलेलं वाचून या मंडळींचा अंदाज घ्यायला जाणारा इथेच फसतो. छापील पुस्तक समव्यवसायी लोकांसाठी असे, आणि खरी मागणी शिक्का मारलेल्या टिपणात.

ऑक्टोबर १९३९

१ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला झाला. २८ सप्टेंबरला वॉर्साने शरणागती पत्करली. त्याच दिवशी ब्रेस्लाऊमध्ये हेरमान आउबिन यांच्यासह काही इतिहासकार जमले आणि नव्या सीमेबद्दल सरकारला तज्ज्ञ म्हणून सल्ला द्यायचं ठरलं. कोणी हुकूम सोडला नव्हता. मागणी येण्याआधी माल तयार ठेवायचा होता. मसुद्याचं काम एकतीस वर्षांच्या शीडर यांच्याकडे आलं.

टिपणाची रचना वकिली आहे. आधी तक्रार: १९१९ नंतर पोलिश सरकारने जर्मनांच्या जमिनी घेतल्या, लाखो जर्मन निघून गेले, तेव्हा आता जे करायचं ती केवळ भरपाई. मग क्रम. १९१८ नंतर आलेल्या पोलिश लोकांना ताबडतोब बाहेर काढायचं. पोलिश मालकीच्या जमिनी काढून घ्यायच्या. तिथे जर्मन शेतकरी आणि कारागीर वसवायचे. यासाठी 'सर्वांत मोठ्या प्रमाणावर लोकसंख्या हलवावी' लागेल असं स्पष्ट लिहिलं आहे. आणि उरलेल्या पोलंडात, म्हणजे जर्मनीला न जोडलेल्या भागात, हाकललेल्या पोलिश लोकांना जागा कशी करायची? तिथल्या शहरांतून ज्यूंना काढून.

यासाठी टिपणात जो शब्द आहे तो 'एंटयुडुंग'. जर्मन भाषेत 'एंट-' हा उपसर्ग लागला की काढून टाकण्याची क्रिया होते. 'एंटव्हेसरुंग' म्हणजे शेतातलं साचलेलं पाणी काढणं. मराठीत निर्जंतुकीकरण म्हणतो त्याच साच्यात 'निर्ज्यूकरण' असा शब्द पाडला तर तो कानाला कसा लागेल, याची कल्पना येईल. माणूस वाक्यातून गायबच होतो. उरते फक्त एक तांत्रिक प्रक्रिया, नाव लिहून वर पाठवण्याजोगी. असा शब्द वापरणारे शीडर एकटे नव्हते. कोन्त्से यांनीही त्याच सुमारास पूर्वेकडच्या खेड्यांतल्या गर्दीवर लिहिताना शहरं-बाजारगावं ज्यूंपासून मोकळी करण्याचा उपाय सुचवला होता, तोही शेतकऱ्यांच्या पोरांना धंद्यात जागा व्हावी म्हणून.

टिपणाची तारीख ७ ऑक्टोबरच्या आसपासची. ६ ऑक्टोबरला हिटलरने राइशटागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, पूर्वेतली वांशिक घडी नव्याने बसवण्याची घोषणा केली, आणि ७ ऑक्टोबरला ते काम एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याच्याकडे सोपवलं. महिन्याभरात, ६ नोव्हेंबरला, क्राकोच्या यागेलोनियन विद्यापीठातल्या शिक्षकांना एका व्याख्यानाच्या निमित्ताने सभागृहात बोलावून १८३ जणांना धरून नेलं. म्हणजे शीडर ज्या पोलिश विद्वानांशी दफ्तरातल्या पुराव्यांवर वाद घालत होते, त्यांच्या बाजूने बोलायलाच कोणी उरू नये अशी तजवीज चालू होती.

हे टिपण हिमलरच्या टेबलावर पोचून त्यावरून काही घडलं का? इतिहासकारांत वाद आहे तो इथे. मसुदा होता, घटना त्याच्या पुढे धावत होत्या, आणि हिमलरच्या माणसांना कत्तल शिकवायला क्योनिग्सबर्गच्या अभ्यासकाची गरज नव्हती. हे सगळं मान्य केलं तरी एक गोष्ट वेगळी ठेवावी लागते. टिपणाचा परिणाम किती झाला हा एक प्रश्न, आणि लिहिणाऱ्याने काय मागितलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'कमी' आलं म्हणून दुसऱ्याचं उत्तर सौम्य होत नाही. शीडर यांची बाजू घेणाऱ्यांनी हे दोन प्रश्न वारंवार एकात एक मिसळले.

कारकीर्दीला मात्र याने धक्का लागला नाही. १९४२ मध्ये क्योनिग्सबर्गलाच पूर्ण प्राध्यापक, १९४३ मध्ये अधिष्ठाता. १९४४ च्या अखेरीस रशियन फौजा जवळ आल्या तेव्हा कुटुंबासह पश्चिमेकडे.

धुलाई

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जर्मनांकडून लांबलचक प्रश्नावल्या भरून घेतल्या. अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागात वापरलेल्या प्रश्नावलीत १३१ प्रश्न होते. माणसांची पाच गटांत वर्गवारी होई, मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषापर्यंत. चौथा गट 'मिटलॉयफर', म्हणजे सोबत चालत गेलेला. प्रश्न होते पदाचे, सभासदत्वाचे, पगाराचे. 'तुम्ही कोणती टिपणं लिहिलीत?' याला त्यात रकाना नव्हता.

दुसरी सोय शिफारसपत्रांची. ओळखीच्या माणसाने लिहून द्यायचं की हे गृहस्थ आतून कधीच नाझी नव्हते. लोकांनी त्याला 'पेर्झिलशाइन' नाव ठेवलं. पेर्झिल ही कपडे धुण्याची पावडर. प्राध्यापकाने प्राध्यापकाला धुवून द्यायचं. शीडर यांच्या बाबतीत भर म्हणजे, मागे जाऊन चौकशी करायला विद्यापीठच शिल्लक नव्हतं. क्योनिग्सबर्ग १९४६ मध्ये सोव्हिएत कालिनिनग्राड झालं. तिथून आलेले सहकारी हेच साक्षीदार.

शब्दांचीही धुलाई झाली. १९३० च्या दशकात या मंडळींनी राजे-मंत्री सोडून खेडी, कुटुंबं, लोकसंख्या, भाषा यांचा अभ्यास चालवला होता. त्याला 'फोल्क्सगेशिश्टे', जनसमूहाचा इतिहास, म्हणत. त्यातली आकडेवारीची हातोटी खरोखर नवी होती. युद्धानंतर 'फोल्क' शब्द चालेना, तर ऑस्ट्रियन इतिहासकार ऑटो ब्रुनर यांनी आपल्या मध्ययुगावरच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत तिथे 'रचना' हा शब्द घातला. दोन आवृत्त्या शेजारी ठेवून वाचल्या की बदल ओळीओळीला दिसतो. अशा मंडळींच्या बाबतीत पहिली आवृत्ती शोधावी ती म्हणूनच. कोन्त्से आणि शीडर यांनीही रचनांचा, समाजाचा इतिहास शिकवला, आणि त्यातून हान्स-उलरिश वेलर आणि वोल्फगांग मोमसेन यांच्यासारखे शिष्य तयार झाले. हे शिष्य पुढे जर्मन राष्ट्रवादाचे कठोर टीकाकार ठरले. गुरूने त्यांना अडवलं नाही, उलट जपलं. शीडर यांच्याबद्दल बोलताना हेही सांगावं लागतं, नाहीतर चित्र व्यंगचित्र होतं. लोकशाही स्वीकारलेला हा माणूस ढोंगी होता असं म्हणायला पुरावा नाही. १९३९ बद्दल मात्र त्यांनी जाहीरपणे तोंड उघडलं नाही, एवढं नक्की.

फ्रँकफुर्ट, १९९८

सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रँकफुर्टला इतिहासकारांचं अधिवेशन भरलं. त्यात नाझी काळातल्या इतिहासकारांवर एक सत्र होतं आणि सभागृह तुडुंब भरलं. गोट्स आली, पेटर श्यॉटलर, मिखाएल फालबुश बोलले. आली यांनी शीडर आणि कोन्त्से यांना विनाशाची वाट वैचारिक पातळीवर आखणाऱ्यांत बसवलं. समोर त्यांचेच शिष्य, आता साठी-सत्तरीतले, स्वतः नामवंत. वेलर यांचं म्हणणं, माणूस चुकतो, शिकतो, आणि शीडर यांनी युद्धानंतर जे उभं केलं तेही जमेस धरा. दुसरी बाजू म्हणाली, जमेस धरू, पण आधी खर्चाचा रकाना तरी भरू द्या.

त्यानंतर या पिढीतल्या इतिहासकारांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. सगळ्यांना एकच प्रश्न होता: तुम्ही गुरूला विचारलं का नाही? उत्तरांत पुन्हा शिडी दिसते. हाबिलिटेशन गुरूच्या हातात, शिफारस गुरूच्या हातात, नियतकालिक गुरूच्या हातात. शिवाय गुरू प्रेमळ. अशा माणसाला चहाच्या टेबलावर '१९३९ मध्ये काय लिहिलंत?' असं कोण विचारणार?

१९३९ बद्दल बोलण्याची एक मोठी संधी मात्र शीडर यांच्या स्वतःच्या कामात होती. पन्नाशीच्या दशकात पश्चिम जर्मन सरकारच्या निर्वासित मंत्रालयाने पूर्व युरोपातून हाकलल्या गेलेल्या जर्मनांच्या हजारो जबान्या गोळा केल्या. प्रमुख संपादक शीडर. सोबत कोन्त्से, अमेरिकेहून परतलेले रोटफेल्स, आणि हाताखाली तरुण मार्टिन ब्रोशात आणि वेलर. १९५३ ते १९६० या काळात त्या खात्याचे मंत्री होते थिओडोर ओबरलेंडर, क्योनिग्सबर्गचेच जुने शेतीतज्ज्ञ, १९२३ च्या हिटलरच्या फसलेल्या बंडात सामील झालेले. जबान्यांची छाननी कसून झाली. ऐकीव गोष्टी गाळल्या गेल्या, कागदपत्रांशी पडताळणी झाली. पद्धत चोख होती. प्रदेशवार खंड निघाले: ओडर आणि नाइसे या नद्यांपलीकडचा भाग, हंगेरी, रुमानिया, चेकोस्लोव्हाकिया, युगोस्लाव्हिया.

एक शेवटचा खंडही आखलेला होता. जर्मनांची ही हकालपट्टी विसाव्या शतकातल्या इतर सक्तीच्या स्थलांतरांच्या शेजारी ठेवायची, आणि त्यात नाझींनी पूर्वेत स्वतः केलेली हकालपट्टीही घ्यायची, असा बेत होता. मंत्रालयाला तो खंड नकोसा होता. तो कधी निघाला नाही.